ओढ आणि पकड

‘ओढ’ हा मराठी शब्द दोन घरी नांदतो. बैल गाडीला लावतात ती ओढ, आणि माहेराची वाट धरायला लावते तीही ओढच. पण नुसत्या ओढीने गाडी हलत नाही, हे शेतकऱ्याइतके दुसरे कोणी जाणत नसेल. ओल्या वाटेवर बैलाचा खूर रोवला गेला नाही, तर सारे बळ चिखल उडवण्यात खर्च होते. ओढीला पकडीची जोड लागते. इंग्रजीतील ‘ट्रॅक्शन’ हा शब्द लॅटिनमधील ‘ओढणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. मोटारीच्या व्यवहारात मात्र तो पकडीसाठी अधिक वापरला जातो. एका शब्दाने केलेला हा प्रवास पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचीच कथा सांगतो.

१९३४ साली सित्रोएन या फ्रेंच कंपनीने जी गाडी बाजारात आणली, तिचे लोकांत रुळलेले नाव ‘त्राक्सियाँ आव्हाँ’, म्हणजे ‘पुढची ओढ’, असे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी संस्थापक आंद्रे सित्रोएन निवर्तले. गाडी मात्र १९५७ पर्यंत तयार होत राहिली. १९५९ मध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’त इंजिन आडवे बसवून थोड्या जागेत चार माणसांची सोय केली. भारतात अॅम्बॅसडर आणि फियाट मागच्या चाकांनी ढकलल्या जात होत्या. १९८३ साली मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी पुढून ओढली जाऊ लागली.

या रचनेत सोय पुष्कळ आहे, पण तिच्या मुळाशी एक विसंगती आहे. बैल चढावर मान खाली घालतो, खूर रोवतो आणि शरीराचा भार पुढे टाकतो. मोटार नेमके उलटे करते. वेग घेताना तिचा भार मागे सरकतो. समजा, गाडीचे वजन १००० किलो आहे, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने ती पुढे झेपावली, तर सुमारे १०० किलोंचा भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. ज्यांनी ओढायचे, त्यांच्याच पायांखालची जमीन ओढण्याच्या क्षणी हलकी होते.

होंडा सिव्हिक ही अशीच एक काटकसरी गाडी. १९९०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी ती पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या शर्यतीत उतरवली. त्यांतील पुष्कळजण आशियातून स्थलांतरित झालेल्या कुटुंबांतले होते. मोठ्या इंजिनाची, मागून ढकलली जाणारी अमेरिकी गाडी हा दुसऱ्यांचा वारसा होता. यांच्या दारात उभी होती ती कामावर जाण्याची गाडी. जे घरात आहे त्यानेच जिंकून दाखवायचे, ही त्यांची ईर्षा होती. इंजिनाची ताकद वाढवणे त्यांना साधले, पण ती रस्त्यापर्यंत पोचेना.

कारण खालच्या बाजूला दडलेले होते. १९८८ ते १९९१ च्या सिव्हिकमध्ये चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मपासून एक दांडी पुढे जाते आणि गाडीच्या पुढील आडव्या तुळईत रबरी बुशाच्या आधाराने बसते. हे रबर खड्ड्यांचे धक्के गिळते; घरच्या प्रवासात त्याचे उपकारच असतात. जोराच्या सुरुवातीला मात्र चाक आर्मला पुढे रेटते, रबर दबते, टायर घसरताच ते उसळून परतते, टायर पुन्हा पकड घेतो. क्षणार्धात हे चक्र अनेकदा फिरते आणि चाक थडथड उडू लागते. या आघातांनी अॅक्सल तुटू शकतो, गिअरबॉक्सही फुटू शकतो.

ट्रॅक्शन बार हा त्यावरचा उपाय. मूळ तुळईच्या जागी पोलादी नळीची मजबूत तुळई येते. जुन्या दांड्यांऐवजी टोकांना गोलाकार बेअरिंग असलेल्या दोन नव्या दांड्या बसतात. आर्मला वरखाली हलण्याची मुभा राहते, मागेपुढे सरकण्याची नाही. भार मागे जायचा तो जातोच, पण उरलेली पकड वाया जात नाही.

हे काम जोराचे कमी आणि जपणुकीचे अधिक आहे. गाडी नुसत्या जॅकवर सोडून तिच्याखाली शिरायचे नाही. सपाट जमिनीवर भक्कम स्टँड हवेत. दांड्या प्रथम सैल बसवायच्या. आर्ममध्ये जे रबरी बुश उरले असतील, त्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच पक्के आवळायचे. अधांतरी आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते. मग खरी कसोटी सुरू होते. दांडीच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. ती फिरवली की लांबी बदलते. दोन्ही आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात ३ मिलिमीटर फरक पडतो. दांडी आखडली की आर्म पुढे येतो, आणि स्टीअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो वाढतो. डाव्याउजव्या बाजूंत तफावत राहिली, तर कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी ओढ घेते. म्हणून दोन्ही बाजूंची मापे पुनःपुन्हा ताडायची, लॉकनट आवळायचे, अलाइनमेंट करून घ्यायचे आणि थोडे अंतर चालवून प्रत्येक नट पुन्हा तपासायचा.

अशा एखाद्या गॅरेजात शनिवारी रात्री काम संपवणाऱ्या तरुणाची कल्पना करावी. रविवारी शर्यत आहे. सोमवारी पहाटे याच गाडीने त्याची आई कामावर जाणार आहे. रबर गेले, आता रस्त्याचा प्रत्येक सांधा तिच्या मनगटांना कळणार. आणि एका बाजूचा फेरा जास्त झाला असेल, तर हमरस्त्यावर गाडी तिच्या हातातून बाजूला ओढली जाणार. त्याची रविवारची पकड आईच्या सोमवारमधून घेतलेली आहे.

भारतीय भाषांत ‘अॅडजस्ट’ हा शब्द बाकावर सरकून जागा देण्यासाठी वापरतात. त्यात सोसणे गृहीत असते. गॅरेजात त्याचा अर्थ मोजून बरोबर करणे असा आहे. कुटुंबांत पहिला अर्थ बहुधा आयांच्या वाट्याला येतो, दुसरा मुलांच्या हौसेला. तरुण हात पुसतो, दिवा मालवायला जातो आणि थांबतो. डाव्या बाजूचे माप त्याने एकदाच घेतले होते. तो मोजपट्टी उचलतो आणि गाडीखाली परत शिरतो.