अक्षता, मंगळारती आणि लाखोली

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याने पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत हा जिल्हा, आपले बीदर आणि शेजारचे नांदेड एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्ये वेगळी झाली, तरी आदिलाबादच्या बाजारात मराठी आजही सहज कानी पडते.

तिथल्या बसस्थानकावर शेजारच्या गृहस्थांनी तेलुगू पेपरातला मथळा मला मराठीत सांगितला, "कोर्टाने सरकारवर अक्षता टाकल्या." आणि स्वतःच हसून म्हणाले, "म्हणजे झापलं हो!"

तेलुगूत 'अक्षिंतलु' म्हणजे आपल्या लग्नातल्याच अक्षता. पण 'अक्षिंतलु वेयडं' म्हणजे वडीलधाऱ्याने किंवा वरिष्ठाने बोल लावणे. यात नवल नाही. आपल्या घरच्या कन्नडमध्येही चुकणाऱ्याची 'मंगळारती' होते, निरांजनावाचून! मराठीत तर आपण शिव्यांची लाखोली वाहतो. तिन्ही भाषांनी रागाचे शब्द देवघरातूनच उचलले.

वजन मात्र निराळे. अक्षतांना मराठीत 'कानउघाडणी' शोभते. विरोधकांवर तुटून पडायचे, तर तेलुगूत 'दुम्मेत्ति पोयडं', म्हणजे धूळ उचलून अंगावर ओतणे. तिथे आपली 'टीकेची झोड'च हवी. लाखोलीत शिव्या असतात, मंगळारतीत असतीलच असे नाही. सासूबाईंनी केलेली मंगळारती सुनेच्या माहेरी लाखोली होऊन पोचली, तर दोन घरांत अबोला धरला जातो.

म्हणून दुभाष्याने शब्दांच्या आधी कोण, कुणाला आणि किती लागेल असे बोलले, हे पाहावे.