वांग, राप, डाग

'वांग' हा शब्द आता वर्गात उच्चारला, तर निम्म्या विद्यार्थ्यांना भाजी ऐकू येते. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठाच्या कडेने उमटणाऱ्या ज्या तपकिरी-करड्या छटेला त्यांच्या आज्या वांग म्हणत, तिला ही मुले 'पिगमेंटेशन' म्हणतात. आणि जाहिरातींच्या मराठीत तर तिच्यासाठी 'डाग' एवढा एकच शब्द उरला आहे. शब्द गेल्याचे दुःख भाषाशिक्षकांना होणारच, ते नेहमीचे आहे. पण इथे शब्दासोबत एक भेदही पुसला गेला आणि त्याची किंमत चेहऱ्यांना मोजावी लागते आहे, असे आम्हां दोघींना गेली काही वर्षे वाटत आले आहे.

'वांग' म्हणजे संस्कृतातील 'व्यंग'. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात १३व्या अध्यायात क्षुद्ररोगांची मोजदाद आहे, तिथे हे व्यंग भेटते. क्रोधाने आणि आयासाने खवळलेला वायू पित्ताशी मिळून मुखावर येतो आणि वेदना नसलेले, पातळ, सावळे मंडल उमटवतो, असे तिथले वर्णन आहे. वाग्भटाने कारणांत शोकही घातला. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते कारण नव्हे, तर वर्गीकरण. त्याच यादीत न्यच्छ, नीलिका, तिलकालक आणि जन्मतः असलेला जतुमणी यांना वेगवेगळी नावे आहेत. अंगावरचे काळे ते सगळे एक, असे त्या वैद्याने मानलेले नाही. मराठीनेही तीळ, जन्मखूण, चामखीळ, वांग हे वेगळे ठेवले. गंमत अशी की 'व्यंग' हा तत्सम शब्द मराठीत सर्वसाधारण दोषासाठी राहिला आणि त्याचा झिजलेला भाऊ चेहऱ्यावरच्या एका विशिष्ट छटेला चिकटला.

आजच्या त्वचाशास्त्राने वायू-पित्त बाजूला ठेवले, तरी वर्णन फारसे बदललेले नाही. बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आपल्या फांद्यांमधून भोवतालच्या सुमारे ३६ पेशींना मेलॅनिन पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिनच्या कणांच्या आकारात, प्रमाणात आणि वाटपात. वांगात चेहऱ्याच्या ठरावीक भागांतील रंगपेशी अधिक काम करू लागतात. ऊन, स्त्री-संप्रेरके आणि घराण्याचा वारसा ही त्याची मुख्य कारणे. म्हणून ते गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, आणि एकंदरीत विशीपासून रजोनिवृत्तीपर्यंतच्या बायकांत अधिक दिसते. पुरुष पूर्णपणे सुटलेले नाहीत. सुश्रुताच्या 'आयासा'चा अर्थ उन्हातले श्रम असा घेतला, तर तो फारसा चुकला नव्हता. (हा अर्थ अर्थात आमचा, टीकाकारांचा नव्हे.)

उन्हातले श्रम आमच्या किनाऱ्यावर भरपूर आहेत. थळपासून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका, पेण-उरणकडच्या मिठागरांतले आगरी, होडीवरचे कोळी. यांना ऊन वरून लागते आणि खालूनही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात. या रंगासाठी मराठीत शब्द आहे 'रापणे'. रापलेला चेहरा म्हणताना आपण दोष सांगत नाही. काम सांगतो, वय सांगतो, थोडा आदरही सांगतो. कादंबरीत शेतकरी किंवा खलाशी रापलेला असतो, डागाळलेला नसतो. शिवाय हा भेद केवळ भावनेचा नाही. राप उघड्या अंगावर सर्वत्र सारखा चढतो आणि ऊन थांबले की काही आठवड्यांत उतरू लागतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीनंतर नारळी पौर्णिमेला दर्यावर जाणाऱ्यांचे चेहरे त्यामुळेच जरा निवळलेले असतात. वांग मात्र दोन्ही गालांवर समोरासमोर, नकाशासारखे बसते. पावसाळ्यात फिकटले तरी फाल्गुनात त्याच जागी परत येते.

तिसरी गोष्ट म्हणजे जन्माचा रंग. तिला तर उपचार असण्याचेच कारण नाही. पण रंगावरून माणसे लावण्याची सवय या किनाऱ्यालाही जुनीच. नवगावला गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची आठवण सांगणाऱ्या, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हणवल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते. तेही शब्द मराठीच. ज्या भाषेने विठ्ठलाला सावळा म्हणून डोक्यावर घेतले, तीच लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहिते. असो.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी कायम ओढणीने चेहरा बांधून तासाला बसू लागली. किनाऱ्यावर दुचाकीवरून येणाऱ्या मुली ओढणी बांधतातच. पण त्या वर्गात ती सोडतात. तिचे गाल लाल, चकचकीत, बारीक रक्तवाहिन्या दिसतील इतके पातळ झाले होते. हनुवटीवर पुटकुळ्या आणि लव. मुरमांचे काळे डाग जावेत म्हणून तिने एका दुकानातून चिठ्ठीवाचून मलम आणले होते. पहिल्या महिन्यात चेहरा असा काही उजळला की तिच्या दोन मैत्रिणींनीही तेच घेतले. सोडले की जळजळ व्हायची, म्हणून पुन्हा लावायचे. असे वर्षभर चालले. मलमात तीव्र स्टिरॉइड होते. ती बरी झाली, पण त्वचारोगतज्ज्ञांकडे आठ महिने जावे लागले, आणि मूळचे डाग तोवर आपोआप पुष्कळसे फिकटले होते! मुरमांचे, खरचटल्याचे, भाजल्याचे डाग हे दाहानंतर मागे राहिलेले रंगद्रव्य असते. मुरूम थांबवले, नखे लावली नाहीत आणि ऊन टाळले, तर ते बहुधा काही महिन्यांत जाते. अठराव्या वर्षी काही महिने म्हणजे युग, हे आम्हांला कळते.

या संदर्भात १९७५ हे साल आम्हांला विलक्षण वाटते. त्या वर्षी अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड यांचे मिश्रण त्वचेचा रंग कमी करण्यासाठी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आले. आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून फिंडले आणि सहकाऱ्यांनी असे नोंदवले, की हायड्रोक्विनोनची मलमे दीर्घकाळ फासणाऱ्या बायकांचे चेहरे उलट निळसर-काळे, खडबडीत होत आहेत. औषध, जाहिरात आणि इशारा एकाच वर्षी जन्मले. आपल्याकडे त्यांतली जाहिरात तेवढी घरोघरी पोचली. त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' २०२० साली गेला. दुकानांत सर्रास मिळणारी स्टिरॉइडयुक्त मलमे, त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर, २०१८ साली चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांत घातली गेली. नियम झाला; गल्ल्यावरची सवय तेवढ्या वेगाने बदलत नाही. आणि जी मलमे औषध म्हणून विकलीच जात नाहीत त्यांचे काय? २०२३ साली अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा मेलॅनिन बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो खरा; मात्र तो त्वचेतून आतही जातो.

मग वांगावर करायचे काय? आमच्या त्वचारोगतज्ज्ञ स्नेह्यांचे उत्तर कंटाळवाणे आहे. रोज, ढग असले तरी, सनस्क्रीन. तेही शक्यतो लोहभस्मासारखी तांबूस छटा असलेले, कारण वांगाला नुसते अतिनील किरण नव्हे, दिसणारा प्रकाशही चेतवतो आणि ती छटा देणारी लोहाची ऑक्साइडे तो अडवतात. पदर, छत्री, रुंद टोपी. त्यानंतर अॅझेलिक आम्ल, किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिन्यांपुरते ते १९७५चे तिहेरी मिश्रण. काहींना ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका तपासूनच. गरोदर बाईने ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोनच्या वाटेला जाऊ नये. तिचे वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळदा आपसूक कमी होते. पूर्ण जाईल असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही. घासणे तर नकोच. सुश्रुताने घासून मग चीक असलेल्या झाडांच्या सालींचा दुधातला लेप सांगितला आहे. आपण आज लेपाचे राहू देतो आणि घासणे तेवढे इमानेइतबारे करतो.

स्वयंपाकघरातल्या उपायांत लिंबू सगळ्यांत फसवे. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखे फोड आणि नंतर तपकिरी ओघळ उठतात. बिब्ब्याचे तर विचारूच नका. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगाच झालेला नाही. जुन्या बायकांच्या कपाळावर कुंकवाच्या जागी काळसर वर्तुळ दिसते, ते कित्येकदा कुंकवातल्या रंगाची अॅलर्जी असते. कुंकू बदला असे सांगणे सोपे नाही, हे आम्ही आमच्याच घरांत अनुभवले आहे.

सर्वांत अन्याय होतो तो मानेच्या काळेपणाने. शाळकरी, जरा स्थूल मुलाच्या मानेच्या घड्या, काखा मखमलीसारख्या जाड आणि काळ्या होतात. आई म्हणते मळ आहे, नीट आंघोळ कर. वजरीने, नायलॉनच्या घासणीने रोज मान सोलली जाते, घर्षणाने ती आणखी काळी होते, आणि मुलगा वर्गात 'काळा मळका' ठरतो. तो मळ नसतोच. शरीराला इन्शुलिन पुरेसे लागू पडत नाही, याची ती बहुधा खूण असते. तिथे क्रीम नव्हे, रक्तातील साखरेची तपासणी आणि वजन हा विषय असतो. बोटांच्या पेरांवर नव्याने आलेला काळेपणा कधी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव सांगतो आणि ती भरून काढली की जातो. चिकुनगुनियाच्या तापानंतर नाकाचा शेंडा काळवंडतो, तोही सहसा हळूहळू निवळतो. नवजात बाळाच्या कमरेखालचा निळसर ठसा तर शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुधा दिसेनासा होतो. कौतुकाने तीट लावणारी आजी त्या ठशालाही नावे ठेवत नाही. पुढे मात्र त्याच घरात त्याच मुलीला बेसन-हळद सुरू होते.

आणि म्हातारपणी? मासळीबाजारात टोपलीमागे बसलेल्या म्हाताऱ्या कोळणींच्या गालांवर बारीक काळे दाणे असतात, हातांच्या पाठींवर तपकिरी ठिपके. त्यांना त्याचे काही वाटत नाही, आणि वैद्यकदृष्ट्याही करण्यासारखे काही नसते. डॉक्टर बघतात ते वेगळेच: नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ, किंवा तळपायावर नव्याने आलेला, कडा वेड्यावाकड्या असलेला, वाढणारा डाग. रंगपेशींचा कर्करोग आपल्याकडे विरळा, पण होतो तेव्हा बऱ्याचदा असा तळव्यांवर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा काही संबंध नसतो. अनवाणी वावरणाऱ्या बाईच्या तळपायावरचा तसा डाग काटा मोडल्याची खूण समजून महिनोन्महिने तसाच राहतो.