मुलाखतीपूर्वीचा एक प्रश्न

जीवरक्षकाच्या नोकरीसाठी तंदुरुस्तीचा दाखला घ्यायला १८ वर्षांचा मुलगा आजीसह माझ्याकडे आला. मुलाखतीची तयारी म्हणून मी विचारले, “बुडणारा माणूस ओरडतो का?”

“हो.”

आजी हळूच म्हणाल्या, “नाही रे. माझा भाऊ विहिरीत बुडाला, तेव्हा मी काठावरच धुणे धूत होते. काहीच ऐकू आले नाही.”

खरेच, श्वासासाठी धडपडणाऱ्याला बहुधा हाक मारता येत नाही.

वाचकहो, घरात असा उमेदवार असेल तर आपणच परीक्षक व्हा. बुडून श्वास थांबलेल्याचे पोट दाबू नये. प्रथम कृत्रिम श्वास, नंतर छातीवर ३० दाब व २ श्वास हा क्रम चालू ठेवावा, हे त्याच्याकडून वदवून घ्या. आपले अनुभवही सांगा. त्या मुलाने आजीचे उत्तर वहीत लिहून घेतले.