हँडल पडलं पाहिजे

हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटचं नाव सायकल घेऊन आलेलं गिऱ्हाईक घेत नाही. पुढचं चाक दोन पायांत पकडून ते हँडल गदागदा हलवून दाखवतं आणि म्हणतं, "टाईट करी दे भाऊ." शहाद्यात ही तक्रार अहिराणीत येते, गुजरीत येते, पावरीत येते. मागणी मात्र एकच, टाईट. त्याला हवं तेवढं टाईट न करता सायकल परत द्यायची आणि तरी त्याचं समाधान करायचं, असं हे काम आहे.

आमच्याकडे कोनसेट लवकर जातो, त्यात नवल नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला चाकोऱ्या पाडतात आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाबरोबर वर येतो तो थेट पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मानेत बसतो. म्हणून कोनसेटच्या छर्रे बसणाऱ्या दोन वाट्यांपैकी खालची नेहमी आधी जाते. सगळा भार तिच्यावर, सगळा चिखलही तिच्यावर. वरची वाटी त्या मानाने सुखात असते. पण गिऱ्हाईक वरचाच नट बघतं, कारण तो दिसतो.

कोनसेट उघडायला चिमटा काढायचा तर पुढचं चाक, मडगार्ड आणि ब्रेकचे रॉड आधी सोडवायचे. मग हँडलच्या डोक्यावरचा बोल्ट तीन-चार आटे ढिला करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीने ठोकायचं. आत नळीला धरून बसलेला कोन खाली सुटतो आणि हँडल वर येतं. बोल्ट पूर्ण काढून मग ठोकणारे आहेत. कोन आतच अडकून राहतो आणि अर्धा दिवस जातो. चेकनट, वायसर, दिव्याची पट्टी, वरचा कोन असं क्रमाने काढून त्याच क्रमाने कापडावर मांडायचं. चिमटा खाली ओढण्याआधी त्याच्याखाली जुनं धोतर अंथरायचं. छर्रे 5/32 इंचाचे, हरभऱ्याहूनही लहान. दुकानाच्या मातीत एकदा घरंगळले की गेले.

रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून सगळं डिझेलमध्ये धुतो. धुतल्यावर वाटीत बोट फिरवायचं, नजरेवर विसंबायचं नाही. माणूस बहुतेक वेळ सरळच जातो, त्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच छर्ऱ्यांमधून वाटीच्या त्याच जागी बसतो आणि तिथे बारीक खळगे पडतात. अशा सायकलचं हँडल मध्यावर आलं की खट्कन अडकतं. इथे कितीही आवळलं तरी उपयोग नाही, उलट खट् वाढतो. वाट्या बदलायच्या. नव्या वाट्या लाकडाच्या ठोकळ्याने सरळ बसवायच्या. एका बाजूने तिरकी गेलेली वाटी पुढे कधीच नीट चालत नाही. आटेही जुळवून बघायचे. रॅलेच्या चिमट्याला इंचाला 26 आटे, इतर बऱ्याच ठिकाणी 24. हाताने दोन फेरे गेले नाहीत तर तिथेच थांबायचं. पान्याची जबरदस्ती केली की चिमटा गेला.

ग्रीस सढळ हाताने. नव्या सायकलींत ते नावालाच असतं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकली दुकानात आल्या की मी आधी कोनसेट उघडून ग्रीस भरतो, मग बाकीचं. छर्रे ग्रीसमध्ये एकमेकांना चिकटून वाटीभर लावायचे आणि शेवटी एक काढून घ्यायचा, म्हणजे त्यांना फिरायला जागा राहते. गच्च भरलेले छर्रे एकमेकांना घासतात.

मग येतो खरा नाजूक भाग. वरचा कोन हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि किंचित मागे घ्यायचा, खेळ बोटाला जाणवेल न जाणवेल इतका. बरोब्बर बसवून वर चेकनट आवळला तर काम बिघडतं, कारण चेकनट कोनाला आट्यांच्या फटीइतका खाली दाबतो. म्हणून दुसरा नट काय करणार आहे हे धरून पहिला लावायचा. कोनाला एक पाना, चेकनटला दुसरा. एकाच पान्याने हे काम होतं असं म्हणणाऱ्याची सायकल महिन्याभरात परत येते.

तपासणी दोन. पुढचा ब्रेक दाबून, खालच्या फटीवर बोट ठेवून सायकल पुढे-मागे ढकलायची. बोटाला ठक् लागला तर ढिलं. मग पुढचं चाक उचलून सायकल थोडी कलती करायची. हँडल आपल्या वजनाने त्या बाजूला पडलं पाहिजे, वाटेत कुठेही न थांबता. गिऱ्हाईक फक्त पहिली तपासणी करतं. माझा भरवसा दुसरीवर.

सायकल उभी कशी राहते, यावर शास्त्रज्ञही बरेच झगडले आहेत. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1970 साली चालवता येणार नाही अशी सायकल बनवायचा घाट घातला. पुढच्या चाकाजवळ उलटं फिरणारं चाक जोडून पाहिलं, तरी ती चाललीच. 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात तर फिरत्या चाकांचा आधार काढून घेतल्यावरही आपोआप तोल सांभाळणारी सायकल दाखवली गेली. कारणं गुंतागुंतीची असतील, पण सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक वळायला मोकळं हवं, हे त्यात निघालंच. जाम कोनसेट हेच बंद करतो. ढिली सायकल खडखडते, माणूस सावध होतो. जाम सायकल गप्प असते आणि प्रकाशा गावच्या उतारावर दारुड्यासारखी झुलते.

हँडल शेवटी बसवायचं. आतला कोन आट्यांच्या खाली उतरलाच पाहिजे. उंच माणसं हँडल वर-वर मागतात, त्यांना मी सरळ नाही म्हणतो, कारण आट्यांजवळ नळी कमजोर असते आणि तिथेच तडकते. बोल्ट आवळल्यावर दोन्ही तपासण्या पुन्हा.

हल्ली गिअरच्या सायकली येतात. त्यांतल्या बऱ्याचशांच्या चिमट्याला आटे नसतात, वर एक ॲलन बोल्ट आणि हँडलच्या बाजूला दोन. पोरं वरचा बोल्ट जीव खाऊन आवळतात. तो हँडल धरायला नाहीच, फक्त खेळ काढायला आहे. बाजूचे दोन ढिले करा, वरच्याने खेळ जाईपर्यंतच फिरवा, हँडल चाकाशी सरळ करा, मग बाजूचे थोडे थोडे आळीपाळीने आवळा. एवढं सांगून किल्ली मी त्यांच्याच हातात देतो. त्याचे पैसे घेत नाही.