हैदराबादला पाठवण्याआधी

पुणे

प्रिय ताई,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर हे सगळं धड बोलून होणार नाही, आणि मध्येच भाऊजी फोन हातात घेतील, म्हणून लिहायलाच बसलो.

म्हणजे घरात भांडण आहे ते एकाच माणसावरून, बॅडमिंटन प्रशिक्षक गोपीचंदवरून. भाऊजींचं म्हणणं, गोपीचंदने सायना घडवली, सिंधू घडवली, तर आपल्या पोराला बाराव्या वर्षी हैदराबादला ठेवायला हरकत काय? आणि तू पुढे करतेस २०२५ च्या फेब्रुवारीतलं त्याच गोपीचंदचं बोलणं, की घरात पैसा किंवा स्वतःचा धंदा नसेल तर मुलांना खेळात घालू नका. खूप लोक चिडले त्यावर. ज्याने आयुष्यभर मुलं खेळात ओढली त्यानेच असं म्हणावं? मला मात्र त्यात विसंगती दिसली नाही. त्याची कारकीर्द नीट बघितली तर तो दुसरं काही बोलूच शकला नसता.

गोपीचंद आणि त्याचा भाऊ, दोघेही बॅडमिंटन खेळायचे. भाऊ आयआयटीत गेला आणि त्याचा खेळ सुटला. गोपीचंदला इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा जमली नाही म्हणून तो खेळत राहिला, हे तो स्वतः हसत सांगतो. पुढे १९९४ साली आपल्या पुण्यातच, दुहेरीचा सामना खेळताना त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. वय वीस. शस्त्रक्रिया झाल्या. बॅडमिंटनमध्ये गुडघा म्हणजे सगळंच. पुढे झेपावून नेटवरचं शटल उचलायचं आणि क्षणात मागे जाऊन उडी मारून स्मॅश मारायचा, सगळा भार तिथेच. बहुतेकांनी नोकरी धरली असती. हा १९९६ ते २००० अशी सलग पाच वर्षं राष्ट्रीय विजेता राहिला, आणि मार्च २००१ मध्ये बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकला. वाटेत सिडनीचा ऑलिंपिक विजेता जी शिनपेंग, उपांत्य फेरीत पीटर गेड, आणि अंतिम सामन्यात चेन हाँग, १५-१२, १५-६. तेव्हा स्वतःची सर्व्हिस असतानाच गुण मिळायचा, त्यामुळे आकडे छोटे दिसले तरी रॅली लांबच लांब चालायच्या. डागडुजी केलेल्या गुडघ्यावर ते सगळं.

आता बघ. नंदू नाटेकर, तुमच्या सांगलीचेच, १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकले. परदेशात अशी स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. मग १९८० साली प्रकाश पदुकोणने ऑल इंग्लंड जिंकली. मग एकदम २००१. वीस-पंचवीस वर्षांनी एखादा माणूस कुठूनतरी उगवायचा. पदुकोणने बंगळूरला अकादमी काढून ही रीत मोडायला सुरुवात केली आणि गोपीचंद तिथेच तयार झाला, हे श्रेय विसरायला नको. पण रांग लागली ती गोपीचंदच्या हाताखाली. एप्रिल २०१७ मध्ये सिंगापूर ओपनच्या अंतिम सामन्यात साई प्रणीत आणि श्रीकांत समोरासमोर होते. दोघेही भारतीय, दोघेही त्याच्याच तालमीतले! त्यातला श्रीकांत आधी दुहेरी खेळायचा. त्याला एकेरीकडे वळवलं ते गोपीचंदनेच. त्या वर्षी पोराने चार सुपर सिरीज जिंकल्या. स्वतः विजेता असणं वेगळं आणि दुसऱ्यातलं हे ओळखणं वेगळं. मोठमोठ्या खेळाडूंना दुसरी गोष्ट जमत नाही.

पण पैशाचं ऐक, कारण तुझा प्रश्न तिथेच आहे. ऑल इंग्लंड जिंकल्यावर त्याने शीतपेयाच्या जाहिरातीचे पैसे नाकारले. जे आपण पीत नाही ते मुलांना प्या कसं सांगायचं, हा त्याचा हिशेब. सरकारने गच्चीबावलीला पाच एकर जागा भाडेपट्ट्याने दिली, पण बांधायला पैसे कोण देणार? विजेत्याच्या गळ्यात हार घालणारे पुष्कळ होते, कोर्टवरच्या सिंथेटिक मॅटचे पैसे द्यायला कोणी नव्हतं. शेवटी त्याने राहतं घर गहाण टाकलं. निम्मगड्डा प्रसाद या उद्योजकाने मोठी रक्कम दिली तेव्हा कुठे २००८ मध्ये अकादमी उभी राहिली. तोवर २००६ पासून तो राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झालेलाच होता. अशा माणसाने पैशाबद्दल गोड बोलावं ही अपेक्षाच चुकीची.

आणि सिंधूचं उदाहरण भाऊजी देतात ना, तर त्यांना तिच्या घराबद्दलही सांग. वडील रमणा हे व्हॉलीबॉलचे अर्जुन पुरस्कार विजेते, आईही व्हॉलीबॉल खेळलेली. लहानपणी रोज कितीतरी किलोमीटर तिला सरावाला न्यायचं-आणायचं, आणि रिओ ऑलिंपिकच्या आधी वडिलांनी रेल्वेच्या नोकरीतून लांबलचक रजा काढली. गोपीचंद भेटला हे खरं, पण त्या घराला खेळात काय काय द्यावं लागतं हे आधीपासून ठाऊक होतं. आपल्याकडे पोराची बॅग उचलून स्टँडवर सोडणारं कोण आहे, एवढंच आधी बघा.

अकादमीतली शिस्तही सोपी नाही. पहाटे साडेचारला कोर्टवर हजर. रिओच्या आधी तीन महिने सिंधूचा फोन काढून घेतलेला, आइस्क्रीम बंद, गोड दही बंद. रौप्यपदक मिळाल्यावर सगळ्या देशाने या गोष्टीचं कौतुक केलं. मला ते पूर्ण पटलेलं नाही, ताई. एकवीस वर्षांच्या मुलीचा फोन प्रशिक्षकाने काढून घ्यावा आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे मला जरा खटकतं. पण एक मानावं लागेल: त्या दिवसांत त्याने स्वतःचंही खाणं तोडलं, वजन उतरवलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर सिंधू-श्रीकांतसमोर सरावाला उभा राहिला. लोकांना उपाशी ठेवून स्वतः जेवणाऱ्यांपैकी तो नाही.

दोषही आहेत. राष्ट्रीय प्रशिक्षक तोच आणि अकादमी त्याचीच, मग बाहेरच्या खेळाडूला न्याय मिळतो का, हा प्रश्न दुहेरीची खेळाडू ज्वाला गुट्टाने वर्षानुवर्षं उघडपणे विचारला. ती भांडकुदळ आहे म्हणून तो उडवून लावण्यासारखा नाही. सायना २०१४ मध्ये त्याला सोडून बंगळूरला विमल कुमारकडे गेली आणि तिथे गेल्यावरच जगात पहिली झाली; २०१७ मध्ये परत आली. म्हणजे एकाच गुरूच्या पायाशी बसलं की झालं, असं काही नसतं. आपला मुंबईचा चिराग शेट्टी हैदराबादला गेला खरा, पण सात्विकबरोबर त्याची जोडी लावली ती टॅन किम हर या मलेशियन प्रशिक्षकाने.

तर माझं मत विचारतेस म्हणून: या वर्षी नको. सांगलीत पोरगा आठवड्याला किती तास खेळतो, त्याच्या वयाच्या राज्य स्पर्धेत कुठवर जातो, हे आधी दिसू दे. पिसांच्या शटलचे डबे, बूट, गटिंग, प्रवास, फिजिओ, या सगळ्याचा सहा-सात वर्षांचा खर्च भाऊजींनी कागदावर मांडावा आणि तुझ्या पगाराला हात न लावता तो निघतो का ते बघावं. अकरावी-बारावी कुठून करणार हेही त्याच कागदावर लिहा. गुडघ्यांची तपासणी मात्र आत्ताच करून घे. वाढीच्या वयात दुखतं तेव्हा मुलं लपवतात.

दिवाळीत येतोयच, तेव्हा त्याला बालेवाडीला घेऊन जातो. दोन तास माझ्याशी खेळू दे. हरलो तर भाऊजींना कळवू नकोस.

तुझा,
धाकटा