जलक्रीडा कोणाची?

आम्ही दोघी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीची पाच वर्षांची भाची मॉन्ट्रियलला राहते. गेल्या उन्हाळ्यात तिने दूरध्वनीवर विचारले, "मावशी, ‘झ्यो दो’ला मराठीत काय म्हणायचं?"

तिथल्या सार्वजनिक बागांत मुलांसाठी पाण्याच्या दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक ‘पातोज्वार’, म्हणजे उथळ हौद. ‘पातोजे’ म्हणजे चिखलपाण्यात पाय रुतवत चालणे. बोलताना गोंधळलेल्या माणसालाही हेच क्रियापद लावतात. दुसरी ‘झ्यो दो’, शब्दशः ‘पाण्याचे खेळ’. जमिनीतून कारंजी उडतात, पाणी साचत नाही, म्हणून बुडण्याची भीती नाही. हा शब्द पूर्वी राजेरजवाड्यांच्या उद्यानांतील कारंज्यांसाठी वापरत. १९०१ साली राव्हेलने आपल्या एका पियानोरचनेला हेच नाव दिले.

आम्ही ऐटीत उत्तर दिले, "जलक्रीडा!" आणि लगेच ओशाळलो. दंडीने महाकाव्याच्या वर्ण्यविषयांत जलक्रीडा गणली आहे. भारवी आणि माघ या दोघांच्याही काव्यांत ती आठव्या सर्गात येते. पण तो शृंगाराचा प्रांत, मुलांचा नव्हे. फ्रेंच शब्द राजोद्यानातून नगरपालिकेच्या बागेत उतरला; आमचा सर्गातच राहिला. मग आम्ही ‘डुंबणी’ असा शब्द घडवला. "पण तिथे डुंबता येतच नाही!" भाचीने दुरुस्ती केली. आमचे ‘पातोजे’ चालूच राहिले.

खरे तर मुले नावासाठी खोळंबत नाहीत. बोर्दो शहरात २००६ साली ‘मिर्वार दो’, म्हणजे पाण्याचा आरसा, तयार झाला. ग्रॅनाइटच्या फरशीवर जेमतेम दोन सेंटीमीटर पाणी. समोरच्या अठराव्या शतकातील इमारतींचे प्रतिबिंब त्यात पडावे, ही योजना. मुलांनी मात्र त्या आरशात उड्या मारल्या.

आपल्याकडे ‘घसरगुंडी’ मुलांच्या तोंडी रुळली, कारण ती जवळच्या बागेत होती आणि तिला तिकीट नव्हते. पाण्यात खेळायचे तर आमच्या विद्यार्थ्यांना ‘वॉटर पार्क’ एवढाच शब्द ठाऊक आहे, आणि त्याच्या दाराशी तिकीटखिडकी असते. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, तिथून आलेल्या मुलांसमोर ‘पाण्याचे खेळ’ म्हणताना आमची जीभ अडखळते. तेव्हा उणीव कोशातली नाही.

भाचीला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.