लेकीला विचारू द्या

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांत आम्ही बायका निंदणाला जातो. दुपारी झाडाखाली शिदोरी सोडली की पाळीचे, अंगावरून पांढरे जाण्याचे, ओटीपोट दुखण्याचे बोलणे निघते. सोबत तरुण पोरगी असली की मात्र आम्ही गप्प होतो. विटाळ आम्ही घराबाहेर काढला. मुकेपणा घरातच राहिला.

या मुकेपणाची किंमत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी मोजून दाखविली. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत त्यांनी ६५० स्त्रियांना तपासले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या.

केवळ माहिती दिली म्हणजे झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुलगा मित्रांकडून, मोबाईलवरून अर्धेमुर्धे शिकतो. आणि बाईने ऐकायचेच असते, हे घरात बघून शिकतो. अशा घरात नांदायला गेलेल्या मुलीला एड्सची, गर्भनिरोधाची सगळी माहिती असली, तरी 'निरोध वापरा' किंवा 'आज नको' हे शब्द तिच्या तोंडून निघत नाहीत. माहिती तिच्याजवळ, निर्णय दुसऱ्याच्या हातात! मग दुखणे तिच्या अंगावर येते, आणि बोलही तिलाच लागतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. तरुणांच्या लैंगिक शंकांना 'समाजस्वास्थ्य' मासिकातून उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. १९३८ साली त्यांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले, की मुलांच्या लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण व्हावे. आरोग्य आणि समता या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

२०१४ पासून १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. दवाखान्यात सल्ला मिळतो, गावात आशाताई आहेत. पण तिथवर पोरीने जायचे, तर 'कायले गेली होती?' हा दरडावणीचा प्रश्न आधी घरातून गेला पाहिजे.

म्हणून माता-भगिनींनो, लेकीशी पाळी येण्याआधीच बोला. आणि बापांनो, मुलाशी तुम्ही बोला. बहिणीचा आणि पुढे बायकोचा नकार ऐकून घेणे, हेही त्याला घरातच शिकू द्या.